मावशीचं नाव कमीवाल्यांच्या यादीत

या जगात मी सगळ्यांत जास्त ऋणी कोणाचा असेन तर तो माझ्या मावशीचा, आणि हे मी कधीही विसरू नये याची संपूर्ण जबाबदारी मावशीने स्वतःच्याच शिरावर घेतलेली होती. लोक उपकार करतात आणि गप्प बसतात. मावशी उपकार करायची आणि दवंडी पिटायची. कळमना बाजाराच्या मागे तिची वस्ती. तिथे मी पाऊल टाकलं की पानठेल्यापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगायची, "हा पाहा, आमच्या खानदानातला पहिला बी.ए.! माह्या रजिस्टरांवर शिकला हा!" यात एका अक्षराचीही अतिशयोक्ती नाही, हे माझं खरं दुःख. सावनेरला बारावी करून मी नागपूरला आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि "मावशीकडे राहा" एवढा आईचा निरोप होता. बाबा कोळशाच्या खाणीवर रोजंदारीला जात, आई कापूस वेचायला. आमच्या घरात त्याआधी कॉलेजात जाऊन आलेला माणूस एकच, तो म्हणजे कॉलेजच्या भिंतींना चुना मारून आलेले काका. मावशीने मला दारातच थांबवलं, गरोदर बायांना तोलायच्या काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि आत तिच्या मदतनीसबाईंना ओरडून सांगितलं, "शेवंता, खिचडी वाढव वं! पोट्टं लाल पट्ट्यात आहे."

मावशी अंगणवाडी सेविका, आणि लाल पट्टा म्हणजे तिच्या वजनाच्या तक्त्यातला सगळ्यांत वाईट पट्टा. त्याच्यावर पिवळा, त्याच्यावर हिरवा. हा तक्ता सरकारने पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी काढला आहे, पण मावशीने तो सर्व मानवजातीला लागू केला होता. विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस, लग्नपत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांचा पट्टा ती उभ्याउभ्या ठरवायची. मी पदवीधर होईपर्यंत पिवळ्या पट्ट्यात आलो होतो, आणि निकालाच्या दिवशी तिने पेढे वाटताना लोकांना दोन्ही बातम्या एकदमच सांगितल्या.

राहण्याजेवण्याच्या बदल्यात मला तिची रजिस्टरं लिहावी लागत. हजेरीचं, वजनाचं, लसीकरणाचं, आहाराचं, गृहभेटीचं आणि ही सगळी रजिस्टरं आहेत की नाहीत याची नोंद ठेवायचं आणखी एक. पुढे सरकारने मोबाइल दिला, तरी मावशीचा मोबाइलवर विश्वास नव्हता. "कागद पावसात भिजला तं वाळवता येते, याले काय तारेवर टांगू?" असं ती म्हणायची. त्यामुळे सगळं दोनदा लिहायचं. एक ओळ वाकडी गेली तर पान फाडून पुन्हा. तीन वर्षांत माझं अक्षर सुधारलं, पण बाकीचा मेंदू कामातून गेला. इतिहासाच्या पेपरात एका लढाईचं वर्णन संपवून मी खाली सवयीने "लाभार्थी उपस्थित" असं लिहून आलो होतो. त्या पेपरात पास झालो, त्याअर्थी तपासणारेही कोणाची तरी रजिस्टरं लिहूनच शिकले असावेत.

मावशीचे वडील उमरेडचे विणकर. माग गेला, पण बोटं मावशीकडे आली. समोरच्याचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळल्याशिवाय तिला तो माणूस कळायचा नाही. नवीन पर्यवेक्षिका आल्या की मावशी आधी त्यांचा पदर चोळायची आणि मगच नमस्कार करायची. माणसांची तिने सुती, मिश्र आणि पॉलिस्टर अशी वर्गवारी केली होती. मी मिश्र. दुसरी गंमत अशी की ती तीन वर्षांच्या मुलांना अहोजाहो करायची आणि मोठ्यांना अरेतुरे. "या साहेब, बसा, नाक पुसा," हे एका शेंबड्या पोराला, आणि त्याच दमात, "काहून उभा आहे गा? हात धुतले का?" हे स्वेटरवाटपाला आलेल्या पुढाऱ्याला. पुढारी भला माणूस. हसत हसत त्याने हात धुतले. हात पुसायला रुमाल शोधू लागला, तर मावशी त्याच्या कुर्त्याची बाही बोटांत धरून उभी. "खादी म्हनून विकलं का तुले हे? दुकानदाराचं नाव सांग, मी जातो त्याच्याकडे." स्वेटरं वाटली गेली, पण तो पुढारी पुन्हा कधी त्या वस्तीत दिसला नाही. तिथल्या बायांच्या मते मावशीच्या आजवरच्या समाजकार्यात हेच सगळ्यांत मोठं.

तिच्या शिकवण्याचं वेळापत्रक बाजारभावावर चालायचं. कळमन्यात मिरचीची आवक सुरू झाली की वस्तीतली हवा तिखट व्हायची आणि चाळीस पोरं एकापाठोपाठ एक शिंकू लागायची. मावशीने त्यावर अंकगणित बसवलं. एक जण शिंकला की बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचं. "मिरचीच्या दिवसात भरती झालेलं पोट्टं शंभरपर्यंत जाते," ती अभिमानाने सांगायची, "संत्र्याच्या दिवसातलं बिचारं वीसच्या पुढे सरकत नाही."

पण मावशीची खरी कला दिसायची ती तपासणीच्या दिवशी. अंगणवाडी म्हणजे वस्तीने वर्गणी करून बांधलेली एक टिनाची खोली. आत एक चटई, एक वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि पाण्याच्या दोन कॅन. नळ लांब टाकीजवळ. संडास नव्हताच, पोरांना मागच्या नाल्याकडे न्यायचं. सेविकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "उद्या भेट" एवढे दोन शब्द पडले की ही खोली रातोरात नाहीशी व्हायची आणि तिथे भलतंच काही उभं राहायचं. शिंप्याचा पंखा यायचा, वायरही त्याच्याच दुकानातून ओढलेली. लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून खुर्च्या यायच्या. किराणावाल्याचं घड्याळ यायचं. एका घरातून पाण्याचा फिल्टर यायचा, आणि नाल्याकडच्या खिडकीला शेवंताबाईची, म्हणजे मावशीच्या मदतनीसबाईंची, नवी साडी पडदा म्हणून लागायची. या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे झुलणारा घोडा. वस्तीतली मंगला धरमपेठेत एका बंगल्यावर कामाला होती. तिथला मुलगा मोठा होऊन गेला होता आणि त्याचा घोडा गच्चीवर पडून होता. मालकिणीला सांगून मंगला तो मांडीवर घेऊन ऑटोतून आणायची. परत करताना डाग दिसायला नको, म्हणून घोड्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही आणि बसायचं तर नाहीच नाही. पोरं पाठीमागे हात बांधून त्याच्याभोवती उभी राहायची. साहेबांनी रोज यावं अशी प्रार्थना करणारी बालकं महाराष्ट्रात बहुधा तेवढीच.

दुपारपर्यंत सगळं ज्याचं त्याला परत जायचं आणि आठवड्याने अहवाल यायचा. "सुसज्ज, हवेशीर, आनंददायी." एका वर्षी "आदर्श अंगणवाडी" असं प्रमाणपत्र आलं, तेही चौकटीसकट. खोलीत कायमची राहिलेली ती एकच शोभेची वस्तू. मी एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, हे खोटं आहे."

"खोटं कायचं?" ती म्हणाली. "पंखा खोटा आहे? फिरून नाही राहिला का तो?"

पंखा खरोखरच फिरत होता.

पुढे मला नागपुरातच, ज्या प्रकल्प कार्यालयाच्या हाताखाली मावशीची अंगणवाडी येते तिथे, कॉम्प्युटरवर कंत्राटी काम लागलं. वर्षभराने वरून एका नव्या निधीचा आदेश आला. तोपर्यंत अंगणवाड्यांना सगळं सारखं मिळायचं, म्हणजे सगळ्यांना सारखंच अपुरं. या निधीचा न्याय वेगळा होता. ज्या वस्तीतल्या मुलांना आजवर कमी मिळालं, तिथे जास्त द्यायचं. पक्कं छत, नळ, संडास, खेळणी, शिवाय आणखी एक मदतनीस. छत कसं, पाणी किती लांब, आईबाप काय काम करतात, अशा गोष्टींना गुण होते, आणि ज्याला कमी गुण त्याचा नंबर वर. सेविकांनी त्याचं नाव लगेच "कमीवाल्यांचा फंड" ठेवलं. आदेश वाचून मला गहिवरून आलं. मावशीसाठीच कोणीतरी बसून लिहिल्यासारखा तो होता. गुण मात्र मागच्या तपासण्यांच्या अहवालांवरून धरायचे होते. मी यादी टाइप करायला घेतली, वरून खाली येत गेलो, आणि मावशीची अंगणवाडी मला सापडली ती अगदी तळाशी. अख्ख्या प्रकल्पात तिच्याइतकी सुखवस्तू अंगणवाडी दुसरी नव्हती. तिच्या कितीतरी वर एक पक्क्या इमारतीतली अंगणवाडी होती. तिथल्या सेविकेचं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. तिने तपासणीच्या आदल्या दिवशी असलेला पंखा उतरवून ठेवला होता. आमच्या मावशीने नसलेला लावला होता. सरकारने दोघींच्याही छताकडे पाहून विश्वास ठेवला.

मी सायकल हाणत वस्तीत गेलो. मावशीने बातमी मला दोनदा सांगायला लावली.

"सगळ्यात शेवटी? म्हनजे आपल्यापेक्षा बाकी सगळे कमी?"

"हो मावशी, पण याचा अर्थ..."

"शेवंता, तर्रीपोहे सांग वं सगळ्यायले!"

पोहे खाता खाता मी तिला समजावलं. छत मिळेल, नळ मिळेल, संडास मिळेल. आपण फेरपडताळणीचा अर्ज करू.

"मिळते तं घे नं."

"पण आपल्याकडे काही नाही असं लिहून द्यावं लागेल."

मावशीने प्लेट खाली ठेवली. "मंग राहू दे. पोट्ट्यायले कमीवाले म्हनून सरकारच्या कागदावर चढवू? मोठे होतीन, वाचतीन ते."

"मावशी, अगं, तो फंडच त्यांच्यासाठी..."

"तू बी.ए. झाला, शहाना नाही झाला," ती म्हणाली आणि माझ्या प्लेटमध्ये आणखी तर्री ओतली. रागावली की ती जास्त वाढायची.

एप्रिल लागला. नागपूरच्या एप्रिलमध्ये टिनाखाली अकरानंतर पोळी ठेवली तर भाजून निघेल. अकराला पोरं सोडून द्यावी लागत. सोडून द्यायची म्हणजे कुठे, तर घरं कुलपात आणि आया बाजारात मिरच्या निवडायला, म्हणून पोरंही बाजारात. पोती, ट्रक आणि त्यांच्या मधून फिरणारी आमची चाळीस साहेबमंडळी. एक दिवस परी नावाची चार वर्षांची पोरगी सावली पाहून एका ट्रकमध्ये पोत्यांवर झोपली आणि ट्रक निघून गेला. तिची आई वेड्यासारखी धावत होती. मावशी बाजारातल्या प्रत्येक ट्रकच्या चाकाशी वाकून "परीबाई! ओ परीबाई!" अशी हाक मारत होती. मी ऑफिस सोडून आलो आणि दुसऱ्या टोकाने शोधू लागलो. दुपार कलली तेव्हा तोच ट्रक परत आला. ड्रायव्हर नाक्यावर चहाला उतरला, ताडपत्री बांधायला मागे गेला, तर पोत्यावर पोरगी बसलेली. मिरचीने नाक लाल आणि आपल्याच शिंका मोजत चाललेली. त्याने तिला बिस्किटं घेऊन दिली होती. तिची आई तिला कवटाळून रडली. मावशी रडली नाही. तिने परीला काखेत उचललं, अंगणवाडीत नेलं आणि तिचं वजन केलं. मग पुन्हा केलं. जणू ट्रकने तिच्यातलं थोडं काढून ठेवून घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्या ऑफिसात उभी. आल्या आल्या तिने कोणाचंही कापड चोळलं नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली.

"ते कमीवाला कागद कुठं मिळते?"

मी अर्ज काढला. फेरपडताळणीचं कारण असा रकाना होता. "काय लिहू?"

तिने रकान्यावर बोट ठेवलं. "लिही, पंखा आमचा नाही."

मी तसंच लिहिलं. आमच्या अधिकारी मॅडमना मी आधीच सांगून टाकलं की सेविका माझी मावशी आहे, मला या कामातून वगळा. त्या फाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, "ऑफिसात प्रत्येक सेविकेला सगळे मावशीच म्हणतात. टॅब घ्या आणि चला."

मावशीने शेवंताबाईंना बजावून ठेवलं होतं की या खेपेला काही मांडायचं नाही. शेवंताबाईंनी ते मान्यही केलं होतं. पण ग्रुपवर "उद्या भेट" पडलं आणि वस्तीचे हातपाय सवयीने कामाला लागले. शिवाय परीच्या प्रकरणापासून मावशी गप्प गप्प होती, तिला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनी मन लावून काम केलं होतं. मावशी टाकीवर पाणी भरायला गेली तेवढ्या वेळात त्यांनी बाजी मारली. मॅडम आणि मी दाराशी पोचलो तर पंखा फिरतोय, पडदा झुळझुळतोय, घड्याळ, फिल्टर, खुर्च्या, प्लास्टिकमधला घोडा आणि या खेपेला खास आकर्षण म्हणून कोपऱ्यात एक फ्रिज. वायर नसलेला, पण फ्रिज. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी टॅबकडे पाहिलं.

तेवढ्यात दोन्ही हातांत कॅन घेऊन मावशी आली. दारातच उभी राहिली. सगळ्या बाया कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे पाहत होत्या. तिने कॅन खाली ठेवल्या.

"शेवंता, हा पंखा कोनाचा?"

"मावशी, आपलाच..."

"कोनाचा वं?"

"शिंप्याचा."

"बोलाव त्याले."

शिंपी आला, पंखा उतरला. खोली दोन मिनिटांत तापली. मग घड्याळ गेलं, फिल्टर गेला. फ्रिज न्यायला चार माणसं लागली, आणताना दोघांनीच आणला होता म्हणे, उत्साहात. मावशीने स्वतः साडी खिडकीवरून ओढली, घडी घातली आणि शेवंताबाईंच्या हातात दिली. मागचा नाला दिसू लागला, वासही आला. "मॅडम, उठा," मावशी म्हणाली, "खुर्ची बिछायतवाल्याची आहे." मॅडम उठल्या. खुर्च्या गेल्या. राहिला घोडा. मंगलाने तो उचलायला हात घातला तेव्हा मावशी पहिल्यांदा थांबली.

"ठेव. त्याचं प्लास्टिक काढ."

"मावशी, डाग लागला तं मालकीन बोलन."

"मी पुसून देईन. आज तो साहेबाले दाखवाले नाही." मग पोरांकडे वळून, "या साहेब, एकेक जन या. धक्काबुक्की नाही."

चाळीस पोरं एकेक करून घोड्यावर बसली. मॅडम घाम पुसत उभ्या होत्या, घड्याळाकडे पाहायला घड्याळ नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर मंगलाने घोडा नेला. मग मावशीने टाचा उंचावून भिंतीवरची प्रमाणपत्राची चौकट काढली आणि पदराने काच पुसून मॅडमपुढे धरली. "हे तुमच्या हापिसचं. हेही परत न्या."

मॅडमनी ती घेतली नाही. "इतकी वर्षं असं का केलंत?"

"मॅडम, तुमच्या घरी पाव्हना आला तं तुम्ही फाटकी चटई दाखवता का? चांगली असन तं घरची काढता, नसन तं शेजारच्याची आनता. हे या पोट्ट्यायचं घर आहे. तुम्ही पाव्हने."

मॅडम चटईवर बसल्या, चांगली साडी असूनही. मावशीने जवळ बसून नकळत त्यांचा पदर बोटांत धरला, चोळला आणि मला खुणेने सांगितलं, सुती.

अहवाल मॅडमनी तिथेच सांगितला, मी टाइप केला. छत टिनाचं. पाणी लांब. संडास नाही. खेळणी नाहीत. शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता पुढचं वाक्य. मागील तपासण्यांच्या वेळी सेविकेने उसन्या वस्तू मांडून दिशाभूल केली." माझी बोटं अडली. "लिहावंच लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याशिवाय गुण बदलायचं कारण मी काय देणार?" मी लिहिलं. मावशीने अहवाल मला मोठ्याने वाचायला लावला, ते वाक्यही. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली. सही नेहमीसारखी ठसठशीत, रकान्याच्या बाहेर जाणारी.

यादी बदलली. मावशीची अंगणवाडी तळावरून अगदी वर आली आणि निधी मंजूर झाला. त्याच महिन्यात मावशीची निवृत्ती होती. निवृत्त होणाऱ्या सेविकांचा ऑफिसात सत्कार असतो, शाल, श्रीफळ, दोन भाषणं. मावशीने त्या दिवसासाठी वडिलांच्या मागावरचं एक लुगडं वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं आणि मिळणारी शाल कशी चोळून पाहायची हे मला आधीच करून दाखवलं होतं. पण अहवालात "दिशाभूल" हा शब्द होता. सत्काराच्या यादीतून तिचं नाव निघालं. ती यादी टाइप करायचं काम माझं नव्हतं, एवढंच माझं नशीब. मॅडम वर दोनदा बोलून आल्या, उपयोग झाला नाही. मावशीने त्या दिवशी नेहमीप्रमाणे खिचडी वाटली, किल्ली शेवंताबाईंकडे दिली, आणि आठवड्याच्या आत नवऱ्याला, म्हणजे आमच्या मावसाजींना, घेऊन उमरेडला वडिलांच्या घरी राहायला गेली. मी फोन करतो तेव्हा मावसाजी उचलतात आणि म्हणतात, "ती पापड लाटून राहिली." तीन महिने झाले. दोन माणसांच्या घरात इतके पापड लागत नाहीत. म्हणून शेवटी मी कागद घेतला. त्यावर तिचा विश्वास आहे.

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तो शब्द मी टाइप केला. मला तो टाळता आला नाही, आणि तो नसता तर छत आलं नसतं हेही खरं आहे. त्याचा राग माझ्यावर ठेव, पोरांवर ठेवू नको.

काम पूर्ण झालं. छत पक्कं झालं, नळ दारात आला, दोन पंखे आहेत आणि दोन्ही आपले आहेत. संडासात लहान पोरांना बसता येईल अशी भांडी बसवली आहेत. पहिल्या दिवशी सगळी पोरं तिथेच रांग लावून होती, कोणाला लागलेली नसताना. दुसरी मदतनीस परीची आई. ती आता मिरच्यांना जात नाही. सत्काराला मॅडम गेल्या नाहीत, बरं नाही असं सांगून घरी राहिल्या. हे तुला सांगू नका म्हणाल्या होत्या.

नवीन बाई चांगल्या आहेत. त्याही बी.ए. आहेत, त्याही लाल पट्ट्यात आहेत. पोरं आता तीन वाजेपर्यंत थांबतात, बाजारात कोणी जात नाही. खोली थंड असते, चटया नव्या आहेत, पण पोरं दुपारी झोपत नाहीत. बाईंनी गाणी म्हणून पाहिली, गोष्टी सांगून पाहिल्या, दिवे बंद करून पाहिले. शेवटी मी परीला विचारलं, हिवाळ्यात तुम्ही दुपारी थांबायचात तेव्हा मावशी तुम्हाला कशी झोपवायची? ती म्हणाली, "झोपवत नव्हती. मावशीच आधी झोपून जायची. मंग तिची झोप मोडू नये म्हणून आम्ही चूप पडून राहायचो."

तुझ्या एकाही रजिस्टरात हे लिहिलेलं नाही. मी सगळी पाहिली.

बाईंनी तसंही करून पाहिलं. पण त्या डोळे मिटून जाग्या असतात आणि पोरांना ते कळतं.

मावशी, सोमवारी ये. काही करायचं नाही, कोणाला भेटायचं नाही, नुसतं दुपारी येऊन आडवं व्हायचं. सकाळच्या बसने निघालीस तर मी स्टँडवर उभा राहीन. येशील नं?

तुझा भाचा